तो घेतो म्हणून...

महाराष्ट्रात मलकापुरं निदान तीन आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यात. त्याला रेल्वेचं स्टेशन आहे, त्यामुळे ते स्वतःला मूळ प्रत समजतं. दुसरं कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात, रत्नागिरीच्या वाटेवर. तिसरं आमचं. कऱ्हाडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर, डोक्यावर आगाशिवाचा डोंगर आणि त्यात जुनी बौद्ध लेणी. आमच्या शाखेत महिन्यातून एकदा तरी बुलढाण्याच्या कुणा गृहस्थाचं पत्र चुकून येतं. आमचे शिपाईमामा ते उन्हाकडे धरून बघतात आणि म्हणतात, "तिकडच्याचं आलंया. ह्यांना दुसरं नाव सुचलं न्हाई व्हय?" तिकडच्या शिपायाचंही आमच्याबद्दल नेमकं हेच मत असणार. तेव्हा नाव ठेवण्यापासूनच माणूस शेजाऱ्याचं बघून चालतो, हे मलकापूरकराला कुणी शिकवायला नको.

मी कॉमर्सचा पदवीधर. कॉमर्सवाल्याने इतिहासात नाक खुपसू नये असा संकेत आहे. पण मला विचाराल तर इतिहास म्हणजे तरी काय? कुणी कुणाकडून काय उचललं, आणि ते परत केलं की बुडवलं, याचीच खतावणी. ती मांडायला वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस अगदीच नालायक नसावा. शिवाय माणसं एकमेकांचं बघून कशी वागतात, हे पाहायला बँकेसारखी जागा नाही. पाच खिडक्या उघड्या असल्या तरी लोक लांब रांगेलाच उभे राहतात. इतके लोक उभे आहेत त्याअर्थी तिथे काहीतरी मिळत असणार, असा हिशेब.

आणि काउंटरच्या आतली मंडळी तरी काय वेगळी? पूर्वी आम्हांला एक शाखाधिकारी होते. बोलायच्या आधी "थोडक्यात सांगायचं तर" असं म्हणायचे आणि मग पाऊण तास बोलायचे. सहा महिन्यांत आमचे हेडकॅशियर "थोडक्यात सांगायचं तर" म्हणू लागले. वर्षभरात शिपाईमामा. शेवटी एक दिवस पीक कर्जाला आलेला शेतकरी माझ्यापुढे बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर सायेब, पाऊस न्हाई." खरं म्हणजे त्या वाक्याचा योग्य उपयोग तेवढ्या एकाच माणसाने केला. साहेबांची बदली होऊन आता नऊ वर्षं झाली. 'थोडक्यात' मात्र शाखेच्या जिंदगीत जमा आहे.

पण या सगळ्यात मोठी नक्कल रोज सकाळी अकराला होते. हेडकॅशियर चष्मा काढून डोळे चोळतात आणि कुणाकडेही न बघता विचारतात, "सांगायचा का?" काय सांगायचं, ते कुणी विचारत नाही. "मला नको, आत्ताच घेऊन आलोय," असं पहिला म्हणतो. "मलाही नको, ॲसिडिटी आहे," दुसरा म्हणतो. तिसऱ्याला डॉक्टरांनी बंद केलेला असतो. मग पोऱ्या येतो, दोनात तीन करून ग्लास मांडतो, आणि नको म्हणणारे तिघेही प्रत्येकी एक ग्लास संपवून दुसऱ्याकडे बघतात. एकट्याने कुणी मागवत नाही आणि एकट्याने कुणी नाकारतही नाही. एकदा मी हेडकॅशियरना विचारलं, "तुम्हांला खरंच हवा असतो का हो?" ते थोडा वेळ विचारात पडले. म्हणाले, "मला नको असतो. पण तुम्हां सगळ्यांना लागतो म्हणून मी सांगतो."

आम्ही सगळे तर त्यांना लागतो म्हणून घेत होतो.

तेव्हापासून मी या चहाच्या मागे लागलो आहे. हे पेय आमच्यात आलं कुठून? माझ्या पणजीने उभ्या जन्मात चहा घेतला नाही असं आजी सांगायची. पाहुण्याला गूळ-पाणी द्यायचं ही आमच्या भागाची रीत. दुपारच्या उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. कृष्णा-कोयनेच्या काठाला गुळाला काय तोटा? आसामात इंग्रजांनी चहा पिकवला आणि १८३९ साली तो लंडनच्या लिलावात विकलाही. आपण मात्र पुढची पन्नास-साठ वर्षं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आपल्या अंगणात पिकतंय आणि साहेब पितोय, तर पिऊ दे बापडा, असा एकूण विचार.

आपल्याकडे चहाचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो पिण्यावरून नाही, कुणाच्या हातचा प्यायला यावरून. साल १८९०, महिना ऑक्टोबर, गाव अर्थातच पुणे. तिथल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गावातली शहाणीसुरती मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. एवढी मोठी माणसं एका खोलीत शांतपणे बसल्याचा तो बहुधा शेवटचाच प्रसंग असावा. जमवाजमव केली होती गोपाळराव जोशी यांनी. हे म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. व्याख्यान संपलं आणि मिशनऱ्यांनी सगळ्यांपुढे चहा-बिस्किटं आणून ठेवली.

आता ती खोली डोळ्यांसमोर आणा. पेले समोर आलेत. प्यायला तर ख्रिस्त्याच्या हातचं पाणी पोटात गेलं, धर्म बुडाला. नाही प्यायला तर यजमानाचा अपमान, आणि शिवाय शेजारी बसलेल्या सुधारकाच्या नजरेत आपण मागासलेले. अशा वेळी माणूस काय करतो? धर्मसिंधू काढत नाही. शेजाऱ्याच्या हाताकडे बघतो. त्याने पेला उचलला का? तोंडाला लावला का? कुणी प्याले. कुणी नुसता हातात घेऊन, मान ठेवल्यासारखं करून खाली ठेवला. आमच्या शाखेतल्या अकराच्या चहाचं आणि त्या चहाचं शास्त्र एकच. फरक एवढाच की आमच्या ग्लासांची यादी वर्तमानपत्रात छापून येत नाही.

तिथे ती आली. गोपाळराव मोठे वल्ली. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. झालं! पुण्यात आग लागली. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, शास्त्रीमंडळींची चौकशी बसली, आणि कोण प्यालं, कोण नुसतं शिवलं, याची जबानी सुरू झाली. याला ग्रामण्य म्हणत. दोन वर्षं हे चाललं होतं. बिस्किटाचा तर चुरासुद्धा उरला नसेल तोपर्यंत. निकालात कुणाला किती प्रायश्चित्त ते ठरलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलेलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, आणि ते घेतलं म्हणून सुधारकांनी त्यांना फाडून खाल्लं. म्हणजे चहा प्याला म्हणून एका बाजूचे नाराज, पश्चात्ताप केला म्हणून दुसऱ्या बाजूचे. एका कपात एवढं गिऱ्हाईक कुठल्याही हॉटेलवाल्याने केलं नसेल.

हे वाचताना हसू येतं. पण त्या काळी ग्रामण्य ही हसण्याची गोष्ट नव्हती. वाळीत पडलेल्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण यायचा नाही, मुंजीला पुरोहित मिळायचा नाही, लेकीला माहेरी पाठवायला सासर तयार व्हायचं नाही. रानडे न्यायाधीश होते, त्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. यादीत जी लहान नावं होती, कचेरीतले कारकून, शाळामास्तर, थोडक्यात सांगायचं तर तुमच्या-आमच्यासारखी माणसं, त्यांच्या घरात किती रडारड झाली असेल ती 'पुणे वैभवा'त छापून आली नाही. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रायश्चित्ताची हकिगत दिली आहे. मित्रांची घरोघर कुचंबणा होत होती, त्यांची सुटका व्हावी म्हणून रानडे तयार झाले. स्वतःला पटलं म्हणून नव्हे. मला तर हे पंचहौदाच्या सबंध प्रकरणातलं सगळ्यांत मोठं वाक्य वाटतं. बरोबरचे अडकले आहेत म्हणून मीही त्यांच्यासारखं करतो. यालाही नक्कलच म्हणायचं का? म्हणा. पण मग नकलेत चांगली-वाईट अशी दोन खाती उघडावी लागतील.

आणि योगायोग पाहा. त्याच १८९० साली तिकडे फ्रान्समध्ये गाब्रिएल तार्द नावाच्या गृहस्थाने 'अनुकरणाचे नियम' या अर्थाच्या नावाचा एक जाडजूड ग्रंथ छापला. समाज म्हणजे काय, तर एकमेकांची नक्कल करणाऱ्यांचा घोळका, असं त्याचं म्हणणं. पाणी जसं वरून खाली, तशी चालरीत थोरांकडून लहानांकडे वाहते, हा त्याचा एक मुख्य नियम. हा तार्द कोण होता म्हणाल तर एका आडगावातला न्यायाधीश! म्हणजे इकडे एका न्यायाधीशापुढे चहाचा पेला आला आणि तिकडे दुसऱ्या न्यायाधीशाने त्याचं निकालपत्र लिहून ठेवलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. तार्दसाहेबांना एखादा दिवस पंचहौदात आणून बसवायला हवं होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती अर्ध्या किमतीत निघाली असती.

पण थोरांनी घेतला म्हणून चहा खाली झिरपला, एवढ्यावर मळेवाले थांबणारे नव्हते. त्यांचं गोदाम भरलं होतं. १९०३ साली सरकारने त्यांच्याच मागणीवरून चहावर उपकर बसवला. निर्यातीच्या प्रत्येक पौंडामागे थोडी रक्कम कापायची आणि त्या पैशांतून लोकांना चहाची गोडी लावायची. जगात एवढी मंदी आली तरी हिंदुस्थानात कोट्यवधी तोंडं रिकामीच आहेत, हा हिशेब त्यांना तिसाच्या दशकात फारच जाणवला. १९३७ पासून त्या समितीचं नावच मुळी बाजारवाढ मंडळ झालं. त्यांची माणसं किटल्या घेऊन रस्त्यांवर, जत्रांत, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर उभी राहत. फुकट पाजत. चहा कसा करावा याच्या पायऱ्या देशी भाषांत लिहिलेल्या इनॅमलच्या पाट्या लावत. ताजं पाणी घ्या, भांडं आधी ऊन करा, पत्तीवर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा.

आपल्या लोकांनी पाटी वाचली, चहा उचलला आणि बाकी सगळं विसर्जन केलं. दूध, पाणी, साखर, पत्ती, आलं एकाच पातेल्यात घालून रटारटा उकळलं. मंडळाच्या साहेबाला म्हणे मसाला मुळीच पसंत नव्हता, कारण मसाला घातला की पत्ती कमी लागते. बिचारा! नक्कल करणारा माणूस कारकुनासारखा असतो. साहेबाची सही हुबेहूब करतो, पण मजकूर स्वतःचा घालतो. महात्माजींनी चहाविरुद्ध लिहिलं होतं. त्यांचं ऐकून ज्यांनी परदेशी कापड जाळलं, त्यांनीही सभा संपल्यावर चहा घेतला असणार. कापड जाळताना गाव बघत होतं, चहा घेतानाही गाव बघत होतं. दोन्हीकडे गावाने तेच केलं.

पुढे पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी अमृततुल्य काढली. पितळी पातेलं, वेलदोडा, मारुतीच्या देवळाजवळची जागा, आणि करणारा ब्राह्मण! पंचहौदाला जी अडचण झाली ती एका फटक्यात दूर. सी.टी.सी. नावाची दाणेदार पत्ती तिसाच्या दशकात आसामात निघाली आणि स्वातंत्र्यानंतर सगळीकडे पसरली. तिने एका चमच्यात चार कप रंग दिला, आणि चहा गरिबाच्या चुलीपर्यंत पोचला. आमच्या भागात मग गूळ-पाणी गेलं आणि "च्या घ्या" आलं. तेही दोन पायऱ्यांनी. गरिबाकडे गुळाचा चहा, आणि पाहुणा मोठा असला की शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणून साखरेचा. गुळाचा चहा पुढे करताना माझी आजी हटकून म्हणायची, "गोड मानून घ्या." हल्ली महामार्गावर पाहा. दर अर्ध्या मैलाला पाटी, 'स्पेशल गुळाचा चहा'. साखरेच्या चहापेक्षा पाच रुपये जास्त. मोटारी थांबतात. मोटारीतून उतरणारे डोळे मिटून घोट घेतात आणि म्हणतात, "वा, काय ओरिजिनल टेस्ट आहे!" तार्दसाहेबांचं पाणी उलटं, खालून वर वाहायला लागलं आहे. आजी असती तर तिने सगळी वसुली पूर्वलक्षी प्रभावाने केली असती.

टोपीचंही असंच. काकासाहेब कालेलकरांनी नोंदवलं आहे की महात्माजींनी ती पांढरी टोपी काश्मिरी टोपीवरून बेतली. म्हणजे तीही नक्कल. असहकाराच्या दिवसांत ती देशाने डोक्यावर घेतली. आमच्याकडे डोक्याला पटका नाहीतर मुंडासं असायचं, पुण्याकडे पगडी. ते सगळं गुंडाळून ठेवून माणसं टोपीत शिरली. आणि गांधीजींनी स्वतः? १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला त्यांनी सदरा-टोपी उतरवून ठेवली आणि पंचा नेसले. पुरती दोन वर्षं काही ती त्यांच्या डोक्यावर राहिली नसेल. ज्याच्या नावाने टोपी, त्याचं डोकं उघडं; आणि सातारा-सांगलीकडचा म्हातारा शंभर वर्षांनंतरही तिला इस्त्री करतोय. पेन्शनीच्या कागदाला फोटो लागतो. आम्ही एका आजोबांना म्हटलं, टोपी काढून द्या, चेहरा नीट दिसत नाही. ते असे काही बघायला लागले की मला खुर्ची मागे घ्यावी लागली.

"टोपी काढून फोटू? आमच्या घरात कुनी गेलंय व्हय?"

त्यांच्या लेखी ती टोपी गांधींची नव्हती, काँग्रेसचीही नव्हती. बापाने घातली, चुलत्याने घातली, वाडीतल्या सगळ्यांनी घातली. उघड्या डोक्याने माणूस फक्त सुतकात फिरतो. त्यांचा नातू मात्र कपाळावर केस सोडून शेजारी उभा होता, आणि त्याच्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या कपाळावर तेच केस तितकेच खाली आलेले मी कऱ्हाडच्या स्टँडवर पाहिले आहेत. आजोबा-नातवाचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. कारण एकच, दोघेही आपापल्या आळीचं ऐकतात.

आमच्या मलकापूरला हे सांगायला बाहेरचा दाखलाच नको. पंधराएक वर्षांपूर्वी इथे चोवीस तास पाणी आलं, तेही मीटरवर. असलं काही महानगरांनाही साधत नाही, म्हणून लांबलांबहून अधिकारी बघायला येऊन गेले. नळ आला त्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे पाच वाजता आमच्या सौभाग्यवतींनी हंडे, कळशा, बादल्या, पातेली, शेवटी इडलीपात्रसुद्धा भरून ठेवलं. मी म्हटलं, "अगं, आता चोवीस तास आहे." ती म्हणाली, "मला कळतं. पण शेजारच्या वहिनींनी भरलंय." शेजारच्या वहिनींना विचारलं तर त्यांनी समोर बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी 'शिळं' म्हणून ते सगळं पाणी मोरीत. मग पहिलं बिल आलं. वापर वाढला की दरही चढत जातो, हे गल्लीत कुणाला तरी कागद वाचून कळलं आणि दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. त्यानंतर बायका एकमेकींना भाजीचा भाव विचारायच्या तसं "तुमचं किती पडलं?" विचारू लागल्या. ज्या घरी कमी, त्या घरची बाई हुशार! इडलीपात्र इडल्यांना परत मिळालं. सरकारने हजार पत्रकं वाटून जे झालं नसतं ते एका "तुमचं किती पडलं?"ने झालं.

पण याच्याच उलटं घडतं तेव्हा काय होतं, ते सांगितल्याशिवाय मला ही खतावणी बंद करता येणार नाही. दहा रुपयांचं नाणं.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. त्या दिवसांत लोकांचा कागदावरचा विश्वास उडाला होता, तो जाता जाता धातूवरचाही घेऊन गेला. कुणीतरी म्हणालं, दहाचं नाणं खोटं आहे. ज्यावर रुपयाची खूण नाही ते खोटं. वरच्या रेघा दहा असतील तर खरं आणि पंधरा असतील तर खोटं. दुसऱ्या गावी नेमकं उलटं. रिझर्व्ह बँकेने खुलासा केला. पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की या नाण्याच्या चौदा नमुन्यांच्या आवृत्त्या काढल्या आहेत आणि चौदाही खऱ्या आहेत. मिस्ड कॉल द्यायला १४४४० हा नंबर दिला. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला नाणी चालतात. आम्ही ते पत्रक शाखेत काचेखाली लावलं. लोक काचेवर कोपर टेकून, पत्रक वाचून, आम्हांला म्हणत, "बरोबर आहे सायेब. पर चालत न्हाई."

आमच्याकडे एक भाजीवाली आजी येते. महामार्गाच्या कडेला पाटी घेऊन बसते, मेथी, कोथिंबीर, दिवसाला चारदोनशेची विक्री. एका सोमवारी तिने दुधाच्या पावडरीचा डबा आणून काउंटरवर पालथा केला. दहाची नाणी. तीनशे सत्तर. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पावणेतीन किलोच्या वर माल झाला. दुकानदार तिच्याकडून घेत नव्हते, पिठाच्या गिरणीवाला घेत नव्हता, रिक्षावाला घेत नव्हता. पण शहाण्या लोकांच्या खिशात अडकलेली नाणी खपवायला आजी सोयीची होती. तिला नाही म्हणता येत नसे. नाणं परत केलं तर गिऱ्हाईक जुडी ठेवून जायचं. तीन हजार सातशे रुपये! आणि त्या महिन्यात तिने औषध आणलं नव्हतं.

मी म्हटलं, "आजी, सरकारचं नाणं आहे. खरं आहे. निर्धास्त घेत जा."

"आरं बाबा, मी घीन रं," ती म्हणाली, "पर माज्याकडनं कोन घील?"

अर्थशास्त्राच्या चार पुस्तकांत पैसा म्हणजे काय हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. इतकी नेमकी व्याख्या एकातही नव्हती. दुकानदाराला विचारलं तर तोही तेच सांगायचा. "मला काय, मी घेतो हो. होलसेलवाला घेत नाही." होलसेलवाला म्हणायचा, दुकानदार घेत नाहीत. सगळा गाव घ्यायला तयार, आणि सगळा गाव घेत नाही. पंचहौदातले पेले पुन्हा समोर ठेवल्यासारखे. फक्त या वेळी सगळ्यांनी हात मागे घेतलेले, आणि वाळीत पडलेली एक मेथीवाली.

आजीचे पैसे आम्ही जमा करून घेतले, तो प्रश्न नव्हता. प्रश्न मंगळवारचा होता. तेव्हा हेडकॅशियरनी एक युक्ती काढली. त्यांच्या मुलाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात त्यांनी सॉलोमन ॲश नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची हकिगत वाचली होती. १९५१ च्या सुमाराची. खोलीत सात-आठ माणसं बसवायची, काही रेघा दाखवायच्या, आणि कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी ते विचारायचं. एक माणूस खरा, बाकी सगळे शिकवलेले. शिकवलेले धडधडीत चूक सांगतात, आणि खऱ्या माणसांपैकी चारातले तीन जण निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिळवतात. डोळ्यांना दिसतंय तरी! मात्र त्या सात-आठांत एकाने जरी खरं सांगितलं तर बिचाऱ्याला धीर येतो आणि तो बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांचं ऐकतो. "म्हणजे," हेडकॅशियर म्हणाले, "सगळं गाव फिरवायला नको. एक गडी फोडायचा."

गडी समोरच होता. आमचा चहावाला. चहा दहा रुपये, नाणं दहा रुपये. दोघांचा जन्मच एकमेकांसाठी! दुसऱ्या दिवसापासून शाखेतल्या सातही जणांनी अकराच्या चहाचे पैसे नाण्यांत द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याने कुरकुर केली. आम्ही सांगितलं की न खपलेली नाणी संध्याकाळी आम्ही खात्यात भरून घेऊ, लेखी पाहिजे तर लेखी देतो. मग घेतली. चौथ्या दिवशी त्याने मोटारवाल्या गिऱ्हाइकाला सुट्टे म्हणून दोन नाणी परत दिली. गिऱ्हाईक म्हणालं, "चालतात का इकडे?" चहावाला म्हणाला, "बँकेतले सायेब देत्यात." गल्ल्यावर त्याने खडूने लिहिलं, 'दहाचे नाणे घेतले जाईल'. पोऱ्याने ते वाचून दाखवताना मोठ्याने वाचलं.

पुढच्या आठवड्यात पानवाल्याने घेतलं. मग गिरणीवाल्याने. आजी अजूनही डबा आणते, पण दोन-दोन महिन्यांनी, आणि त्यात दहाच्या नाण्यांपेक्षा चुरगळलेल्या नोटा जास्त असतात.

परवा संध्याकाळी घरी जाताना नारळवाल्याला मुद्दाम दहाचं नाणं दिलं. दोन वर्षांपूर्वी याच गृहस्थाने माझ्यासमोर एका पोराला नाणं परत करून हाकललं होतं. त्याने नाणं न बघता गल्ल्यात टाकलं.

मी विचारलं, "काय, घ्यायला लागलात वाटतं?"

"म्या?" तो नारळावर कोयता मारता मारता म्हणाला, "म्या पयल्यापासनंच घेतोय की. बाकीचीच येडी!"